‘माझा प्रवास’ : घरचे कर्ज आणि झाशीची हकीकत

विष्णुभट गोडसे वरसईकर यांचे पुस्तक दोन नावांनी ओळखले जाते. ‘माझा प्रवास’ हे एक आणि ‘१८५७ सालच्या बंडाची हकीकत’ हे दुसरे. पहिल्या नावात एक माणूस आहे, त्याचे घर आहे, घराबाहेर पडण्याचे त्याचे कारण आहे. दुसऱ्या नावात देशाच्या आयुष्यातली एक प्रचंड उलथापालथ आहे. एका पुस्तकाला ही दोन्ही नावे शोभतात, हीच त्याची अपूर्वता होय. आणि त्याविषयीच्या बहुतेक वादांचे मूळही तेथेच आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी दुसरे नाव महत्त्वाचे मानून पहिल्यातला मजकूर पाल्हाळ म्हणून बाजूस सारला. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी पहिले नाव उचलले आणि दुसऱ्याची जबाबदारी इतिहासकारांवर सोपवली. वस्तुतः ही दोन नावे वेगळी करता येतात काय, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

पुस्तकाची जन्मकथा सर्वश्रुत असली तरी या प्रश्नासाठी ती थोडी आठवणे अवश्य आहे. आजच्या रायगड जिल्ह्यातील पेणजवळचे वरसई हे गोडसे यांचे गाव. घरी वैदिक परंपरा होती आणि कर्जही होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार, अशी वार्ता कोकणापर्यंत आली, तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या विष्णुभटांनी आपले चुलते रामभट यांच्यासह १८५७ साली उत्तरेची वाट धरली. दक्षिणा मिळवावी, कर्ज फेडावे आणि परत यावे, एवढाच त्यांचा मनोदय होता. महूच्या परिसरात शिपायांच्या तोंडून त्यांना बंडाची वार्ता कळली. तेथून मागे फिरणे शक्य असूनही ते फिरले नाहीत. पुढे ते झाशीस पोचले आणि १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने शहराला घातलेल्या वेढ्यात सापडले. घरी परतले ते काही वर्षांनी. परतल्यावर सुमारे पाव शतकाने, १८८३ च्या सुमारास, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहाने त्यांनी ही हकीकत लिहून काढली. वैद्य त्या वेळी अवघ्या बाविशीतले होते; इतिहाससंशोधक म्हणून त्यांची कीर्ती पुढची. त्यांनी हे लेखन प्रसिद्ध केले ते १९०७ साली, गोडसे यांच्या मृत्यूनंतर.

म्हणजे हे पुस्तक लिहिणारा मनुष्य स्वतःला इतिहासकार म्हणवत नव्हता. त्याच्यापाशी दप्तर नव्हते, राजपत्रे नव्हती, सनावळीची शिस्त नव्हती. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींची जी कठोर झडती घेतली, ती मापे लावली तर ‘माझा प्रवास’ अनेक ठिकाणी उणा ठरेल. तरीसुद्धा झाशीच्या पाडावाविषयी मराठीत काही लिहावयाचे तर पहिल्याने याच पुस्तकाकडे वळावे लागते. याचे कारण, गोडसे तेथे हजर होते, एवढेच सांगितले जाते. पण ते अपुरे आहे. हजर असणारे हजारो होते. हजर असलेल्या माणसाला काय दिसते हे त्याच्या दृष्टीच्या घडणीवर अवलंबून असते. आणि गोडसे यांची दृष्टी त्यांच्या घराने, किंबहुना घरच्या कर्जाने घडवली होती.

हे विधान झाशीच्या लुटीच्या वर्णनावरून पडताळून पाहता येते. शहर पडल्यावर जे घडले त्याचे वर्णन करताना सामान्य लेखक ‘हाहाकार’, ‘रक्ताचे पाट’ अशा शब्दांचा आश्रय घेतो. गोडसे यांच्या लेखनातही हाहाकार आहे. परंतु त्यांचे लक्ष एका अनपेक्षित गोष्टीवर खिळलेले आहे. लूट कोणत्या क्रमाने झाली हे ते सांगतात. आधी सोनेचांदी गेली, मागाहून भांडीकुंडी, मग कापडचोपड आणि धान्य. घराघरांतून एकेक जिन्नस नाहीसा होत जातो, आणि अखेरीस घर म्हणजे चार भिंती उरतात. संसाराच्या वस्तूंची ही उतरती यादी ज्याला सुचते, त्याने घरची भांडी गहाण पडण्याची धास्ती कधीतरी अनुभवलेली असली पाहिजे. विजयी सैन्याच्या लुटीलाही व्यवस्था असते, तिचे वार लावलेले असतात, हे कळण्यासाठी प्रसिद्ध लष्करी इतिहास फारसे उपयोगी पडत नाहीत. मद्रास सॅपर्सच्या पथकाबरोबर आलेला डॉक्टर टॉमस लो याचे मध्य हिंदुस्थानातील मोहिमेवरचे पुस्तक १८६० साली, म्हणजे घटनेनंतर दोनच वर्षांनी निघाले. काळाच्या दृष्टीने त्याची साक्ष गोडसे यांच्याहून कितीतरी ताजी. तथापि तो तटाबाहेरच्या छावणीतून शहरात शिरला. गोडसे तटाच्या आत, दाराला कडी घालून बसले होते. एकाच भिंतीच्या दोन बाजूंनी लिहिलेल्या या दोन साक्षी आहेत. त्यांपैकी एक वजा केली तर उरलेली अर्धी होते.

त्याच लुटीत गोडसे यांची मिळकत गेली. महिनोन् महिने अनुष्ठाने करून, दक्षिणा साठवून जे जमले होते, ते गेले. पुढेही वाटेवरची लुबाडणूक चुकली नाही. देशाच्या इतिहासातला एवढा मोठा प्रसंग सांगताना हा गृहस्थ आपले रुपये काय मोजत बसतो, अशी नाराजी काही वाचकांना वाटते. ती समजण्याजोगी आहे, पण ग्राह्य नाही. रुपये मोजणे ही गोडसे यांची कालगणना आहे. इतर लेखक तारखांनी काळ मोजतात. हे मिळालेल्या आणि गमावलेल्या दक्षिणेने मोजतात. राज्य बुडाले की आश्रित कसे बुडतात, एका गादीच्या अस्ताबरोबर किती चुली विझतात, हा इतिहासाचा भाग नव्हे असे म्हणण्याचे धैर्य आजचा कोणताही अभ्यासक करणार नाही. गोडसे यांनी तो भाग सिद्धान्त म्हणून सांगितलेला नाही. तो त्यांच्या कनवटीला बांधलेला होता, म्हणून लेखनात आला.

या दृष्टीने राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नाशाचा प्रसंग विशेष लक्षणीय आहे. झाशीच्या राजघराण्याने जमवलेला संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह या धामधुमीत उद्ध्वस्त झाला. किल्ल्याचा बुरूज पडला त्याची नोंद सर्वच करतात. पोथ्या गेल्या याचे दुःख मात्र पोथ्यांवर जगणाऱ्यालाच पुरते कळते. लुटीच्या वर्णनात हिशेबी वाटणारा हाच लेखक येथे मात्र हिशेब विसरतो. या पोथ्यांशी त्याचा पैशाचा संबंध नव्हता. कर्जफेडीसाठी निघालेल्या माणसाचे सर्वच मोल पैशात नव्हते, हे लेखकाने न बोलता येथे सिद्ध होते. आणि कुटुंबाच्या अर्थशास्त्रातून विद्येच्या परंपरेपर्यंत लेखनाचा पल्ला कसा वाढतो तेही दिसते.

झाशीच्या राणीचे चित्र हा या पुस्तकाचा सर्वांत प्रसिद्ध भाग. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ साली लक्ष्मीबाईसाहेबांचे चरित्र प्रसिद्ध केले होते. कागदपत्रांची जुळवाजुळव करून नायिकेची बाजू मांडावी, संस्थान खालसा करण्यातला अन्याय दाखवावा, हा त्या चरित्राचा रोख होता आणि त्या काळात तो आवश्यकही होता. गंगाधररावांचा मृत्यू १८५३ च्या नोव्हेंबरात, दत्तकविधान त्याच वेळचे, आणि १८५४ साली डलहौसीने ते नामंजूर करून राज्य घेतले. हा वाद कागदांचा होता आणि पारसनीसांनी तो कागदांनीच लढवला. गोडसे यांची राणी या वादातली पक्षकार नाही. ती पहाटे उठून व्यायाम करते, घोडा पारखते, कधी पुरुषी पेहरावात तर कधी विधवेच्या साध्या वस्त्रांत दिसते. महालक्ष्मीच्या दर्शनाहून परतताना थंडीने कुडकुडणारे भिकारी तिला दिसतात, आणि त्यांना टोप्या व पांघरुणे देण्याची व्यवस्था ती करते. याचकांच्या त्या गर्दीपासून स्वतः गोडसे फार दूर नव्हते. दात्याकडे पाहण्याची याचकाची नजर खुशामतीची असते असा समज आहे. पण ती तितकीच चौकसही असते. देणाऱ्याचा हात, त्याची वेळ, त्याचा स्वभाव यांचा अभ्यास ही याचकाच्या उपजीविकेची गरज असते. राणीची दिनचर्या आज आपल्याला इतक्या तपशिलाने माहीत आहे, याचे बरेचसे श्रेय या गरजेला द्यावे लागेल.

काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग या चित्राचा कळस होय. धुळीने माखलेली, तहानेलेली राणी विहिरीपाशी येते. गोडसे पाणी काढून देऊ लागतात. विद्वान ब्राह्मणाला हे काम लावणे तिला रुचत नाही आणि ती स्वतः पाणी काढून ओंजळीने पिते. आपल्यासारख्या विधवेला अर्धा शेर तांदूळ पुरे होते, तरी धर्माच्या अभिमानापायी हे सारे अंगावर घेतले, अशा आशयाचे तिचे उद्गार गोडसे नोंदवतात. हे उद्गार अक्षरशः तसेच निघाले असतील काय? पंचवीस वर्षांनंतरच्या स्मरणावर भिस्त ठेवून तसे म्हणणे धाडसाचे ठरेल. स्मरण शब्द राखत नाही, वजन राखते. येथे एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. राणीच्या तोंडी घातलेले माप अर्ध्या शेर तांदळाचे आहे. ते कोकणातल्या भातखाऊ घराचे माप आहे. ते राणीचे असेल किंवा लेखकाचे असेल. बहुधा दोघांचेही, कारण उत्तरेत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या नेवाळकरांचे मूळही कोकणातच होते. वीरश्रीच्या भाषणाऐवजी शिधा मोजण्याची भाषा वापरून लेखकाने एका स्त्रीचा पराक्रम जितका जवळ आणला आहे, तितका पुढच्या अनेक काव्यांना आणि नाटकांना आणता आलेला नाही.

याचा अर्थ पुस्तक निर्दोष आहे असा नव्हे. बंडाच्या कारणांविषयीचा भाग पाहावा. इंग्रजांनी कलकत्त्यास राजेरजवाड्यांची सभा भरवली, धर्म बुडवणाऱ्या चौऱ्यायशी कलमांची यादी पुढे ठेवली आणि त्यातून तेढ वाढली, अशी कथा गोडसे सांगतात. अशी सभा इतिहासाला ठाऊक नाही. गंगाधररावांच्या वागणुकीविषयी शहरात चाललेले प्रवादही त्यांनी तितक्याच सहजतेने टिपले आहेत. येथे टीकाकारांनी दोन टोके गाठली: काहींनी या कथांमुळे सारे पुस्तक अविश्वसनीय ठरवले, तर काहींनी भक्तीपोटी कथाही खऱ्या मानल्या. दोन्ही भूमिका वाचनाच्या आळसातून आलेल्या आहेत. पुस्तकाची भाषा जरा लक्षपूर्वक पाहिली तर ऐकलेले आणि पाहिलेले यांतला भेद तिच्यातच उमटलेला आढळतो. ऐकीव भागात दरबार भरतात, लांब संवाद झडतात, कारणे नीटनेटकी एकापाठोपाठ येतात. म्हणजे बखरीची रीत येते. पाहिलेल्या भागात वस्तू येतात: विहीर, दोर, पोथी, भांडे, धूर. कारणे मागे पडतात. आणि अफवा ही इतिहासाच्या दृष्टीने निरुपयोगी वस्तू नव्हे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता. काडतुसांची वार्ता छावण्यांतून फिरत होती. या सुट्या धाग्यांपासून लोकांच्या मनाने चौऱ्यायशी कलमांचे वस्त्र कसे विणले, हे समजून घ्यावयाचे तर त्या मनाची नोंद कोणीतरी करून ठेवलेली असली पाहिजे. गोडसे यांनी ती केली. त्यांना ती बातमी म्हणून मिळाली होती आणि बातमी म्हणूनच त्यांनी ती दिली.

खरी अडचण वेगळी आहे, आणि ती लेखकापेक्षा संपादकाशी निगडित आहे. वैद्यांनी १९०७ साली जे छापले ते गोडसे यांनी लिहिले होते तसे नव्हते. भाषा प्रमाण करण्यात आली, मजकूर सुधारला गेला, काही वगळला गेला. त्या वर्षांची आठवण ठेवली तर वैद्यांना दोष देणे सोपे राहत नाही. १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. सावरकरांचे सत्तावनावरचे पुस्तक १९०९ साली प्रसिद्धीपूर्वीच बंदीत अडकले. गोऱ्या शिपायांनी झाशीत काय केले याची साक्ष त्या काळात छापणे हेच मोठे धाडस होते, आणि वैद्यांनी ते केले नसते तर आज हे पुस्तक कोणाला ठाऊक असते हे सांगवत नाही. तथापि कृतज्ञता आणि परीक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भीतीपोटी केलेली काटछाट आणि अभिरुचीपोटी केलेली काटछाट यांतही भेद केला पाहिजे. सरकारच्या रोषाला भिऊन एखादे वाक्य गाळणे ही आपत्ती. भिक्षुकाची बोली ओबडधोबड वाटली म्हणून ती घासूनपुसून सुशिक्षितांच्या मराठीत बसवणे हा निर्णय. पहिल्याला काळ जबाबदार आहे, दुसऱ्याला विद्वत्ता. आणि इतिहासकाराने साक्षीदाराची बोली बदलली की साक्षीतला साक्षीदारच पातळ होतो, हे वैद्यांसारख्या व्यासंगी पुरुषाच्याही ध्यानात आले नाही.

दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा जवळजवळ साठ वर्षांनी मराठी वाचकाला गोडसे यांचा स्वतःचा आवाज ऐकू आला. मधल्या काळात मात्र वैद्यांच्या पाठाने आपले काम करून टाकले होते. अमृतलाल नागर यांचे ‘आँखों देखा गदर’ हे हिंदी भाषांतर पोतदारांच्या आवृत्तीच्या आधीचे. म्हणजे झाशी ज्या भाषेच्या मुलखात आहे, त्या भाषेत गोडसे पोचले ते संपादित रूपाने. झाशीकडे या साक्षीखेरीज दुसरी स्मरणे होतीच. वृंदावनलाल वर्मा यांची लक्ष्मीबाईवरची कादंबरी १९४६ साली आली; वर्मा झाशीतच वकिली करीत आणि त्यांच्या पणजोबांनी राणीच्या बाजूने लढताना प्राण दिले होते. महाश्वेता देवी यांनी त्या मुलखात हिंडून, लोकांच्या तोंडची गीते गोळा करून १९५६ साली बंगालीत राणीचे चरित्र लिहिले. घराण्याची आठवण, लोकांचे गाणे आणि परक्या भिक्षुकाची हकीकत, अशा तीन साधनांनी झाशीचे स्मरण घडले. यांतले एकच साधन मधल्या हाताने बदलले असल्याचे पुढे उघड झाले, आणि ते उघड होऊ शकले ते हस्तलिखित टिकले म्हणून.

अलीकडच्या इंग्रजी भाषांतरांची कथाही बोधप्रद आहे. २०११ ते २०१४ या चार वर्षांत या एका पुस्तकाची तीन इंग्रजी रूपे निघाली: मृणाल पांडे यांचे, सुखमणी रॉय यांचे, आणि प्रिया आडारकर व शांता गोखले यांचे. त्यांची नावे शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्याच्या नावात महान उठावाची ‘खरी कहाणी’ आहे, दुसऱ्याच्या नावात सत्तावनचे ‘क्लेश’ आहेत, तिसऱ्याच्या नावात एका ब्राह्मण पुरोहिताची ‘साहसे’ आहेत. एकीने इतिहास उचलला, दुसरीने दुःख, तिसऱ्या जोडीने माणूस. ‘माझा प्रवास’ आणि ‘बंडाची हकीकत’ या जुन्या जोडनावातला ताण परभाषेतही मिटलेला नाही. तो फक्त वाटला गेला आहे. भाषांतरकाराला कोणती तरी एक बाजू पुढे करावी लागते, हे खरे. परंतु ‘हकीकत’ या शब्दात जे आहे, म्हणजे घडले तेही आणि सांगितले तेही, त्याला ‘खरी कहाणी’ पुरी पडत नाही. खरेपणाची ग्वाही गोडसे यांनी दिलेली नाही. त्यांनी आपण कोठे उभे होतो, एवढे सांगितले आहे.

आणि ते कोठे उभे होते, याच्या मर्यादाही वाचकाने विसरू नयेत. दक्षिणी ब्राह्मणांच्या घरांतून, अनुष्ठानांच्या पंक्तींतून आणि वाड्याच्या देवडीवरून दिसली तेवढीच झाशी या पुस्तकात आहे. तटावर लढणारे अफगाण, बुंदेले, कोळी आणि इतर जातिजमातींची माणसे येथे गर्दीतल्या माणसांसारखी येतात. त्यांची घरे, त्यांची कर्जे, त्यांची वाटेकडे डोळे लावून बसलेली माणसे यांना अशी हकीकत लाभली नाही. विष्णुभटांना लिहिता येत होते आणि लिहा म्हणणारा भेटला. दोन्ही गोष्टी एकदम घडणे हे त्या शतकात किती थोड्यांच्या वाट्याला आले! पुस्तकाचे मोल सांगताना ही उणीव झाकणे म्हणजे वैद्यांचीच कात्री दुसऱ्या हाती घेणे होय.

प्रवासाच्या शेवटी गोडसे यांच्या हाती पैसा फारसा उरला नव्हता. ज्या कर्जासाठी निघाले त्या कर्जाच्या मानाने ते रिकामेच परतले. सोबत होती ती गंगोदकाची कावड, घरी असलेल्या आईवडिलांसाठी. सत्तावनच्या इतिहासाचा शेवट जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ राणीच्या मृत्यूने करण्याचा प्रघात आहे, आणि राष्ट्राच्या दृष्टीने तो योग्य आहे. गोडसे यांच्या पुस्तकाचा प्रवास मात्र त्यानंतरही चालू राहतो. राज्य बुडाल्यावर माणसांना घरी जावेच लागते. २०२१ साली झाशीच्या रेल्वे स्थानकाला राणीचे नाव देण्यात आले. शहर आपल्या वीरांचे स्मरण असेच ठेवते. त्या शहरातल्या एका घरात दार लावून बसलेल्या, जीव मुठीत धरून बाहेरचे आवाज ऐकणाऱ्या परगावच्या माणसाचे स्मरण नामफलकावर मावत नाही. ते पुस्तकातच राहते. म्हणूनच ते पुस्तक मूळच्या शब्दांत वाचणे, भाषांतर करताना पोतदारांचा पाठ हाती आणि वैद्यांचा पाठ नजरेसमोर ठेवणे, आणि दक्षिणेचे रुपये व तोफांचे गोळे एकाच वहीत मोजणाऱ्या या लेखकाला कोणत्याही एका नावात न कोंबणे, ही अभ्यासकांची जबाबदारी आहे. विष्णुभट गोडसे यांनी घर सांगताना देश सांगितला. त्यांच्या हकीकतीतून घर वगळले, तर उरलेल्या देशावर विश्वास ठेवण्याचे कारणही त्याबरोबर वगळले जाईल.